लोखंडात ओतलेली तारीख : जुन्या मसल कारचे इंजिन मूळचेच आहे, हे कसे ओळखतात?

भारतातील वाहनधारकाला नोंदणी पुस्तकातील चॅसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक चांगले परिचित असतात. गाडी विकताना हे दोन्ही क्रमांक कागदाशी ताडून पाहिले जातात आणि ते जुळले की व्यवहार पुढे सरकतो. अमेरिकेत १९६० आणि १९७० च्या दशकांतील 'मसल कार' विकत घेणाऱ्यांचे समाधान मात्र तेवढ्याने होत नाही. ते गाडीखाली शिरतात, इंजिनाच्या मागच्या अंगावरील तेलकट थर खरवडतात आणि तेथे उठावाने आलेली तीन-चार चिन्हे वाचतात. इंजिनाचा लोखंडी ठोकळा, म्हणजेच सिलिंडर ब्लॉक, कोणत्या दिवशी ओतला गेला त्याची ती तारीख असते. गाडी ज्या आठवड्यात तयार झाली त्याच्याशी ही तारीख पटते की नाही, यावर पुष्कळदा गाडीची निम्मीअधिक किंमत अवलंबून असते.

दोन गाड्या एकाच वर्षाच्या, एकाच रंगाच्या आणि दिसायला तंतोतंत सारख्या असू शकतात. एकीत कारखान्यातून निघतानाचे इंजिन असते, तर दुसरीत नंतर कधीतरी बदललेले. रस्त्यावर दोन्ही सारख्याच धावतात. कदाचित दुसरी अधिक चांगली धावत असेल. तरीही लिलावात पहिलीला मिळणारी किंमत दुसरीच्या वाट्याला येत नाही. ग्राहक येथे वाहनाबरोबर त्याचा इतिहासही विकत घेत असतो, आणि म्हणूनच या व्यवहारात खोट्या इतिहासाचा धंदाही जोरात चालतो.

मूळ इंजिने गेली कुठे?

मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या, साध्या अमेरिकन गाडीत बसवलेले अवाढव्य व्ही-८ इंजिन. या प्रकाराचा आरंभ सर्वसाधारणपणे १९६४ च्या पॉन्टियाक जीटीओपासून मानला जातो. मध्यम गाड्यांत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन बसवू नये, असा जनरल मोटर्सचा अंतर्गत दंडक होता. जॉन डीलोरियन, बिल कॉलिन्स आणि रस गी या पॉन्टियाकच्या अभियंत्यांनी ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन टेम्पेस्ट ल मान्स या मॉडेलचा 'ऐच्छिक संच' म्हणून देऊ केले आणि दंडकाला बगल दिली. गाडी खपली, मग दंडकाची कोणाला आठवण राहिली नाही. पुढील काही वर्षांत शेव्हर्ले, फोर्ड, डॉज, प्लिमथ अशा साऱ्यांनीच या स्पर्धेत उडी घेतली. १९७० च्या शेव्हेल एसएस ४५४ मधील एलएस-६ इंजिनाची अधिकृत शक्ती ४५० अश्वशक्ती होती. त्यानंतर प्रदूषणाचे नियम, विम्याचे वाढते हप्ते आणि १९७३ चे तेलसंकट यांनी हे पर्व संपवले.

या गाड्या घेणारे बहुतेक तरुण होते आणि त्यांनी त्या जपून चालवल्या नाहीत. सिग्नल ते सिग्नल शर्यती, शनिवारच्या रात्री ड्रॅग स्ट्रिपवरची पाव मैलाची धाव, यांत इंजिने फुटली, जळली, झिजली. फुटलेल्या इंजिनाच्या जागी भंगारवाल्याकडून दुसरे आणून बसवण्यात कोणालाच वावगे वाटत नसे. तेलसंकटानंतर तर या गाड्या कवडीमोलाने विकल्या गेल्या. इंजिनावरील क्रमांक जपण्याचे कारण तेव्हा कोणालाच नव्हते. पुढे तीच पिढी वयाने व पैशाने मोठी झाली, तारुण्यातील गाडी पुन्हा दारात असावी असे तिला वाटू लागले आणि किमती चढल्या. जून २०१४ मध्ये सिॲटल येथील मेकम कंपनीच्या लिलावात १९७१ ची प्लिमथ हेमी कुडा कन्व्हर्टिबल ३५ लाख डॉलर्सना गेली. एवढा पैसा आल्यावर 'हे इंजिन मूळचे आहे का?' हा प्रश्न हौसेपुरता उरला नाही.

वाळूतील तारीख

सिलिंडर ब्लॉक कसा तयार होतो, हे कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव येथील फाउंड्री पाहिलेल्या वाचकाला वेगळे सांगावयास नको. ब्लॉकच्या आकाराचा पॅटर्न वाळूत दाबून साचा घेतला जातो, आतील पोकळ्यांसाठी वाळूचेच कोअर बसवले जातात आणि सुमारे १,४०० अंश सेल्सियस तापलेला लोहरस त्यात ओतला जातो. निवाल्यानंतर साचा फोडून ब्लॉक बाहेर काढतात. पॅटर्नवर जे काही कोरलेले किंवा जोडलेले असेल, ते ब्लॉकच्या अंगावर कायमचे उमटते.

पॅटर्नवर दोन प्रकारची माहिती असे. पहिली म्हणजे ओतकामाचा क्रमांक. हा त्या नमुन्याचा क्रमांक असून वर्षानुवर्षे तोच राहतो. दुसरी म्हणजे तारीख. ती रोज बदलावी लागे, म्हणून अक्षरे व अंक असलेल्या लहान धातूच्या पट्ट्या स्क्रूने पॅटर्नवर बसवल्या जात. अनेक ब्लॉकवर तारखेच्या शेजारी त्या स्क्रूंच्या डोक्यांचे ठसेही स्पष्ट दिसतात. काही ब्लॉकवर याशिवाय घड्याळाच्या तबकडीसारखे वर्तुळ आणि त्यात बाण आढळतो. तो ओतकामाचा तास दर्शवतो.

ही अक्षरे उठावदार असतात, हे ध्यानात ठेवावयास हवे. इंजिनावर पुढे जे क्रमांक ठोकले जातात ते खोलगट असतात. खोलगट क्रमांक हातोडी आणि पंचांच्या साध्या संचाने कोणालाही ठोकता येतो. उठावदार अंक निर्माण करावयाचा तर लोखंड कोरून नव्हे, वाढवून काम करावे लागते. जुने अंक घासून तेथे वेल्डिंगने नवे अंक बसवण्याचे उद्योगही झालेले आहेत, परंतु भोवतालच्या वाळूच्या खरखरीत पोताशी ते मिळतेजुळते करणे अतिशय अवघड असते.

तारीख वाचण्याची रीत

शेव्हर्लेच्या ब्लॉकवर महिन्यासाठी अक्षर, मग दिवस आणि शेवटी वर्षाचा अखेरचा अंक, अशी मांडणी असते. 'ए' म्हणजे जानेवारी, 'बी' म्हणजे फेब्रुवारी, याप्रमाणे 'एल' म्हणजे डिसेंबर. त्यामुळे 'सी १२ ९' याचा अर्थ १२ मार्च आणि ९ ने संपणारे वर्ष. पॉन्टियाकची पद्धतही अशीच आहे.

फोर्डने क्रम उलटा ठेवला. आधी वर्ष, मग महिन्याचे अक्षर, मग दिवस. '९ए१५' म्हणजे १५ जानेवारी १९६९. शिवाय फोर्डने 'आय' हे अक्षर वगळले, कारण ते एक या अंकासारखे दिसते. परिणामी 'जे' हे अक्षर शेव्हर्लेवर ऑक्टोबर सांगते आणि फोर्डवर सप्टेंबर. क्रायस्लरने बहुधा सरळ अंकच वापरले, पण अमेरिकन क्रमाने. '३ ५ ७०' ही तारीख भारतीय वाचक ३ मे अशी वाचेल. ती ५ मार्च आहे. क्रायस्लरच्याच गाड्यांच्या आतल्या पत्र्यावरील पट्टीवर उत्पादनाची नियोजित तारीख असते आणि तिथे १ ते ९ हे अंक पहिल्या नऊ महिन्यांसाठी, तर 'ए' हे अक्षर ऑक्टोबरसाठी वापरलेले आहे. एका कंपनीची सवय दुसरीकडे नेणारा येथे हमखास फसतो.

तीन तारखांची साखळी

ओतलेला ब्लॉक लगेच गाडीत बसत नाही. शेव्हर्लेचे स्मॉल ब्लॉक व्ही-८ प्रामुख्याने मिशिगनमधील फ्लिंट येथे जोडले जात, तर ३९६, ४२७, ४५४ घनइंचांची मोठी इंजिने न्यूयॉर्क राज्यातील टोनावांडा येथे. तेथे ब्लॉकचे यंत्रकाम होई, पिस्टन, क्रँकशाफ्ट, सिलिंडर हेड बसवले जात. पूर्ण झालेल्या इंजिनाच्या पुढच्या उजव्या बाजूस, सिलिंडर हेडच्या लगत असलेल्या सपाट पट्टीवर एक संकेत ठोकला जाई. 'व्ही०३१८डीझेड' हे त्याचे उदाहरण. 'व्ही' म्हणजे फ्लिंट, ०३१८ म्हणजे १८ मार्च आणि 'डीझेड' म्हणजे कॅमेरो झेड/२८ चे ३०२ घनइंचांचे इंजिन. टोनावांडासाठी 'टी' हे अक्षर असे.

त्यानंतर इंजिन रेल्वेने वा ट्रकने मोटार जोडणीच्या कारखान्यात जाई. कॅमेरोच्या बाबतीत १९६९ साली हे कारखाने ओहायोतील नॉरवूड आणि कॅलिफोर्नियातील व्हॅन नाइस येथे होते. गाडीच्या बॉनेटखाली, काचेच्या पुढील पत्र्यावर फिशर बॉडीची पट्टी असते. तिच्यावर '०४सी' असे असेल, तर सांगाडा एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तयार झाला असे समजावे. संपूर्ण गाडी त्यानंतर काही दिवसांत बाहेर पडे.

ओतकाम, इंजिनाची जोडणी आणि गाडीची जोडणी, अशा या तीन तारखा. त्यांचा क्रम निसर्गनियमासारखा आहे. न ओतलेल्या ब्लॉकचे इंजिन जोडता येत नाही आणि न जोडलेले इंजिन गाडीत बसत नाही.

उदाहरणादाखल असे धरू की १९६९ ची एक झेड/२८ विक्रीस आली आहे. ब्लॉकवर 'सी १२ ९', दोन्ही सिलिंडर हेडवर मार्चच्याच दहा-अकरा तारखा, सपाट पट्टीवर १८ मार्च आणि सांगाड्याच्या पट्टीवर '०४सी'. १२ मार्चला ओतलेला ब्लॉक, सहा दिवसांनी पूर्ण झालेले इंजिन आणि सुमारे महिन्याने तयार झालेली गाडी. हे पटण्याजोगे आहे. आता दुसरी गाडी घ्या. सांगाड्यावर '०४बी', म्हणजे एप्रिलचा दुसरा आठवडा आणि ब्लॉकवर 'डी २४ ९', म्हणजे २४ एप्रिल. गाडी बाहेर पडली तेव्हा हा ब्लॉक अस्तित्वातच नव्हता. विक्रेता कितीही प्रामाणिक असो, हे इंजिन त्या गाडीचे मूळचे नाही.

तिसरा प्रकार अधिक बोलका आहे. सपाट पट्टीवर सुबकपणे '०३१८' ठोकलेले आहे, पण ब्लॉकवरील उठावदार तारीख 'सी २६ ९' आहे. इंजिन १८ मार्चला जोडले आणि त्याचा ब्लॉक २६ मार्चला ओतला, असे होऊ शकत नाही. कोणीतरी गाडीला शोभेल असा क्रमांक तयार केला, पण ब्लॉकच्या मागच्या बाजूला पाहण्याचे विसरला.

हीच कसोटी इतर भागांनाही लागते. सिलिंडर हेड, इनटेक मॅनिफोल्ड, पाण्याचा पंप हेही ओतीव भाग आहेत आणि त्यांवर आपापल्या तारखा असतात. हॉली कार्ब्युरेटरवर वर्ष, महिना आणि आठवडा सांगणारा तीन चिन्हांचा ठसा असतो. या साऱ्यांपैकी जी तारीख सर्वांत उशिराची, तिच्यानंतरच इंजिनाच्या जोडणीची तारीख यावयास हवी. ब्लॉक बरोबर असून एखादे हेड दोन महिन्यांनी उशिराचे निघाले, तर निदान ते हेड बदललेले आहे एवढे निश्चित.

किती अंतर चालते?

येथे नियमापेक्षा तारतम्याचा भाग अधिक आहे. खूप खपणारी स्मॉल ब्लॉक इंजिने फाउंड्रीतून गाडीत पोहोचण्यास काही आठवडे पुरत. क्वचित मागणी असलेली मोठी इंजिने मात्र महिनोन्महिने पडून राहत. १९६९ च्या कॅमेरोत ॲल्युमिनियमच्या ४२७ घनइंची झेडएल-१ इंजिनाच्या अवघ्या ६९ गाड्या निघाल्या. अशा इंजिनाच्या तारखांकडे झेड/२८ च्या मापाने पाहणे चुकीचे ठरेल. त्या वर्षी झेड/२८ च्या २०,३०२ गाड्या निघाल्या होत्या. कॉर्व्हेटच्या परीक्षणासाठी प्रसिद्ध असलेली 'नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोअरर्स सोसायटी' ही १९७४ साली स्थापन झालेली संस्था गाडीच्या जोडणीपूर्वी सहा महिन्यांपर्यंतची तारीख ग्राह्य धरते. संग्राहकांपैकी अनेकांना ही सवलत फार सढळ वाटते.

कारखान्यातील घडामोडीही लक्षात घ्याव्या लागतात. युनायटेड ऑटो वर्कर्स या कामगार संघटनेने सप्टेंबर १९७० मध्ये जनरल मोटर्समध्ये पुकारलेला संप ६७ दिवस चालला. संपापूर्वी ओतलेले ब्लॉक संपानंतरच्या गाड्यांत बसले, तर त्यात संशयास्पद काही नाही. १९७२ मध्ये नॉरवूडचा कारखाना १७४ दिवसांच्या संपाने ठप्प होता. ज्याला हा इतिहास ठाऊक नाही, तो खऱ्या गाडीला खोटी ठरवण्याचा धोका असतो.

मॉडेल वर्ष आणि कॅलेंडर वर्ष एक नव्हेत, हीदेखील नवख्यांची नेहमीची अडचण. १९६९ च्या मॉडेलचे उत्पादन १९६८ च्या शरद ऋतूत सुरू झाले. त्यामुळे १९६९ च्या गाडीत ८ या अंकाने संपणारी तारीख असणे स्वाभाविक आहे. कॅमेरोच्या बाबतीत घोळ आणखी वाढतो. नवे १९७० चे मॉडेल वेळेवर तयार न झाल्याने १९६९ च्या कॅमेरोचे उत्पादन नोव्हेंबर १९६९ पर्यंत लांबवण्यात आले. म्हणजे या एकाच मॉडेलच्या काळात सप्टेंबर महिना दोनदा येतो. सपाट पट्टीवरील ठशात वर्ष नसतेच, फक्त महिना आणि दिवस असतो. '०९२५' हा ठसा १९६८ चा की १९६९ चा, हे केवळ ब्लॉकवरील उठावदार तारखेच्या शेवटच्या अंकावरून कळते.

एका अंकाची फसवणूक

तो शेवटचा अंकही पूर्णपणे भरवशाचा नाही. शेव्हर्लेच्या ३९७००१० या ओतकाम क्रमांकाचा ब्लॉक १९६९ पासून १९७९ पर्यंत वापरात होता. जाणकार त्याला नुसते '०१०' म्हणतात. तो १९६९ च्या उत्तरार्धातील काही झेड/२८ गाड्यांत बसला आणि पुढे दहा वर्षे साध्या कौटुंबिक गाड्यांत व पिकअप ट्रकमध्येही. या ब्लॉकवर 'एच १४ ९' अशी तारीख असेल, तर ती १४ ऑगस्ट १९६९ असू शकते किंवा १४ ऑगस्ट १९७९. भंगारातील ट्रकचे इंजिन अशा रीतीने एखाद्या मौल्यवान गाडीचे 'मूळ' इंजिन म्हणून पुढे करता येते. क्रमांक खरा, तारीख खरी, आणि निष्कर्ष तेवढा खोटा.

अशा वेळी सपाट पट्टीच साक्ष देते. कारखान्यात ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग ब्रोच नावाच्या हत्याराने कापला जाई आणि त्यामुळे पट्टीवर पुढून मागे जाणाऱ्या अतिशय बारीक समांतर रेघा उमटत. जुना ठसा नाहीसा करण्यासाठी पृष्ठभाग पुन्हा घासला किंवा मिलिंग यंत्रावर घेतला की या रेघा जातात वा त्यांच्या जागी वक्र रेघा येतात. येथेही सावधगिरी हवी. इंजिनाची रीतसर दुरुस्ती करताना मेकॅनिकने पृष्ठभाग सपाट करून घेतला असेल, तरीही रेघा जातील आणि त्याबरोबर खरा ठसाही. रेघा नसणे हा फसवणुकीचा पुरावा होत नाही. मात्र रेघा नाहीत आणि तरीही ठसा ताजा, स्वच्छ व खोल आहे, तर तो कोणी आणि केव्हा ठोकला, हे विचारलेच पाहिजे.

१९६८ च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सच्या इंजिनांवर गाडीच्या क्रमांकाचा एक भागही ठोकला जाऊ लागला. नॉरवूडच्या १९६९ च्या कॅमेरोवर तो '१९एन' ने सुरू होतो : १ शेव्हर्लेसाठी, ९ वर्षासाठी, 'एन' नॉरवूडसाठी आणि पुढे गाडीचा अनुक्रमांक. हा क्रमांक जुळला तरच 'मॅचिंग नंबर्स' हा शब्दप्रयोग खऱ्या अर्थाने लागू पडतो. काही कॅमेरोंवर हा क्रमांक सपाट पट्टीवर नसून ऑइल फिल्टरच्या वर, ब्लॉकच्या खरखरीत भागावर असतो. खरखरीत पृष्ठभाग घासून पुन्हा पूर्ववत करणे कठीण, म्हणून जाणकार त्या ठशाला अधिक वजन देतात. १९६८ पूर्वीच्या बहुतेक शेव्हर्ले गाड्यांच्या इंजिनावर मात्र असा क्रमांक नसतो. कॉर्व्हेट हा ठळक अपवाद. १९६६ च्या शेव्हेलचे इंजिन मूळचे असल्याचे निर्विवादपणे सिद्ध करणारा ठसा इंजिनावर नाही. तेथे तारखांची साखळी हाच काय तो आधार.

तारीख काय सांगते आणि काय नाही

ओतकामाची तारीख नकार ठामपणे देते, होकार देत नाही. तारीख गाडीनंतरची असेल तर इंजिन मूळचे नाही, हे पक्के. तारीख गाडीच्या आधीची आणि योग्य अंतराची असेल तर इंजिन मूळचे असू शकते, एवढेच. १२ मार्च १९६९ रोजी तसे ब्लॉक पुष्कळ ओतले गेले आणि ते वेगवेगळ्या गाड्यांत विखुरले. त्यांतील कोणताही एक आज दुसऱ्या गाडीत आणून बसवता येतो. किंबहुना ज्या संग्राहकांच्या गाडीचे मूळ इंजिन हरवले आहे, ते मुद्दाम असाच योग्य तारखेचा ब्लॉक शोधून बसवतात. ते उघडपणे सांगितले तर त्यात गैर काही नाही. इंग्रजीत अशा इंजिनाला 'डेट कोड करेक्ट' म्हणतात. जाहिरातीत हा शब्दप्रयोग दिसला, तर इंजिन तारखेने शोभणारे आहे पण मूळचे असल्याचा दावा नाही, असा त्याचा अर्थ घ्यावा. 'मॅचिंग नंबर्स' आणि 'डेट कोड करेक्ट' यांतील फरक विक्रेता गुळमुळीत ठेवू लागला, तर ग्राहकाने तेथेच सावध व्हावे.

प्रामाणिक बदलाचीही एक खूण आहे. हमीच्या काळात इंजिन निकामी झाल्यास शेव्हर्ले कंपनी नवा ब्लॉक देत असे आणि अशा ब्लॉकवर 'सीई' ही अक्षरे ठोकलेली असत. त्याची तारीख गाडीनंतरची असणे क्रमप्राप्तच. बाजार त्याला मूळ इंजिनाचा मान देत नाही, पण त्या गाडीच्या पहिल्या दोन-चार वर्षांची हकीकत तो खरी सांगतो.

कागदपत्रे असती तर एवढा खटाटोप करावा लागला नसता, असे वाटणे साहजिक आहे. काही गाड्यांच्या बाबतीत ती आहेत. फोर्डच्या १९६७ पासूनच्या उत्पादनाच्या नोंदी वापरण्याचा परवाना केव्हिन मार्टी यांच्याकडे असून त्यांचा 'मार्टी रिपोर्ट' या क्षेत्रात प्रमाण मानला जातो. पॉन्टियाकसाठी 'पीएचएस' ही सेवा जुनी बिले उपलब्ध करून देते. जनरल मोटर्सच्या कॅनडातील शाखेकडून तेथे विकल्या गेलेल्या गाड्यांची माहिती मिळू शकते. अमेरिकेत विकल्या गेलेल्या शेव्हर्ले गाड्यांबाबत मात्र अशी सर्वंकष सोय नाही. नशीब असेल तर पेट्रोलच्या टाकीवर किंवा आसनाच्या स्प्रिंगांत अडकलेला जोडणीचा कागद सापडतो, किंवा पहिल्या मालकाने जपलेली हमीपुस्तिका आणि तीतील 'प्रोटेक्ट-ओ-प्लेट' ही धातूची पट्टी. हेही बनावट तयार होतात. त्यामुळे शेव्हर्लेचे संग्राहक लोखंड वाचण्यात इतरांहून अधिक तरबेज झाले, यात नवल नाही.

कायद्याची बाजूही आहे. गाडीच्या ओळखक्रमांकात जाणूनबुजून फेरफार करणे हा अमेरिकेत १९८४ च्या वाहनचोरीविरोधी कायद्यान्वये संघराज्यीय गुन्हा ठरला. भारतातही मूळ स्वरूपाचा प्रश्न आता केवळ हौशी मंडळींचा राहिलेला नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे स्वतंत्र नियम केले आणि चॅसिस, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट घातली. अमेरिकन मसल कार आपल्याकडे विरळाच. तथापि ओतीव भागावर तारीख असण्याची पद्धत अन्य अनेक जुन्या वाहनांतही आढळते आणि तारखांच्या क्रमाचे तर्कशास्त्र तेथेही बदलत नाही.

खरेदीदाराला विक्रेत्याकडून बहुधा सपाट पट्टीचे छायाचित्र मिळते. ती बॉनेट उघडताच दिसणारी, सहज पुसून चमकवता येणारी जागा आहे. स्मॉल ब्लॉकवरील ओतकामाची तारीख मात्र मागे, गिअरबॉक्स जोडला जातो त्या कडेवर, काळोखात असते; मोठ्या इंजिनांवर ती ब्लॉकच्या उजव्या अंगाला शोधावी लागते. तिचे छायाचित्र क्वचितच कोणी आपणहून पाठवतो. म्हणून अनुभवी तपासनीस टॉर्च, लहान आरसा, तारेचा ब्रश आणि खडू बरोबर ठेवतात. ब्रशने कड साफ करून तिच्यावर खडू आडवा घासला की उठावाची अक्षरे पांढरी होतात, आणि 'आठ' की 'नऊ' याचा निवाडा तेथेच होतो.